मशीन ठरवण्याआधी काम मोजा

कंत्राटदारीत नवे पाऊल टाकणारा तरुण भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साहेब, जेसीबी घेऊ की पोकलेन?" त्याच्या हातात बहुतेक वेळा वितरकाचे माहितीपत्रक असते आणि बँकेशी बोलणेही झालेले असते. किती घनमीटर खोदायचे, जमीन कसली आहे, निघालेली माती कुठे टाकायची आणि वर्षातले किती तास काम हातात आहे, हे चार आकडे मात्र त्याच्याकडे नसतात. मशीनची निवड या चार आकड्यांवरच ठरते. ब्रँड, रंग, शेजारच्या गावातल्या पाहुण्याने काय घेतले, हे सगळे त्यानंतर.

आधी भाषेतला एक घोळ मिटवू. आपल्याकडे 'जेसीबी' म्हणजे पुढे लोडर आणि मागे खोदायची बकेट असलेले चाकांचे बॅकहो लोडर. 'पोकलेन' म्हणजे साखळीवर चालणारे, गोल फिरणारे एक्स्कॅव्हेटर. दोन्ही मुळात कंपन्यांची नावे, पण साइटवर ती मशीनच्या जातीची नावे झाली आहेत आणि या लेखातही त्याच अर्थाने वापरली आहेत.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हजारोंनी झालेले एक काम उदाहरणाला घेऊ: शेततळे. 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हे माप सगळ्यांच्या तोंडी बसले. बाजूंना एकास एक उतार धरला, तर तळाशी २४ बाय २४ मीटर उरतात आणि एकूण खोदकाम २१९६ घनमीटर होते. ब्रासमध्ये साधारण ७७५.

आता मशीन लावून पाहू. वीस टनी पोकलेनची बकेट समजा ०.९ घनमीटरची आहे. भरायची, फिरायचे, ओतायचे, परत यायचे, या एका फेरीला मुरमात २४ सेकंद लागतात असे धरा. तासाची सगळी साठ मिनिटे कधीच मिळत नाहीत. पन्नास धरणे शहाणपणाचे. पन्नास मिनिटांत १२५ बकेट. प्रत्येक बकेट काठोकाठ भरत नाही, म्हणून नव्वद टक्के भराई धरली तर तासाला सुमारे १०० घनमीटर माल निघतो. पण हा माल सुटा, फुगलेला असतो. जमिनीत घट्ट बसलेला मुरूम खोदल्यावर अंदाजे तीस टक्के फुगतो. म्हणजे जमिनीतल्या मापाने तासाला ७५ ते ८० घनमीटर. याच पद्धतीने बॅकहो लोडरच्या पाव घनमीटरच्या बकेटचा हिशोब केला तर तासाला बावीसच्या आसपास येतात. एकच तळे पोकलेनला कागदावर २८-३० तासांत, तर जेसीबीला शंभर तासांच्या घरात जाते.

दोघांच्या तासाच्या दराला या तासांनी गुणा. तासाला महाग वाटणारे मशीन घनमीटरला स्वस्त पडते, हे लगेच दिसेल. म्हणून भाव विचारताना तासाचा विचारला, तरी मनात घनमीटरचाच काढावा.

हातोटीचा भाग यापुढे आहे. पोकलेनचा हात साधारण साडेनऊ-दहा मीटर पोचतो. तळ्याचा मध्य काठापासून पंधरा मीटरवर आहे. मधली माती एका झेपेत बांधावर जाणार नाही. ती एकदा उचलून मध्येच टाकायची आणि तिथून पुन्हा उचलायची, किंवा टिपर लावायचे. एकच माती दोनदा उचलली तर तेवढ्या मातीपुरते तास दुप्पट होतात, आणि अंदाजपत्रकात ही दुसरी उचल बहुतेकजण विसरतात. शिवाय शेवटी उतार घासून सारखे करायला वेगळा वेळ जातो. कागदावरच्या ३० तासांचे प्रत्यक्षात ४०-४५ होतात ते याच वाटेने.

याचा अर्थ जेसीबी निरुपयोगी असा मुळीच नाही. गटाराचा चर, पाइपलाइन, घराच्या पायाचे खड्डे, खडी-वाळू भरणे, राडारोडा उचलणे, दिवसातून तीन जागी फिरणे, या कामांत त्याला तोड नाही. ते स्वतःच्या चाकांवर रस्त्याने जाते. पोकलेनला मात्र प्रत्येक वेळी ट्रेलर लागतो आणि ट्रेलरचे जाण्यायेण्याचे भाडे लहान कामाचा सगळा फायदा खाऊन टाकते. काम मोठे आणि एका जागी असेल तर पोकलेन. लहान, विखुरलेले आणि तऱ्हेतऱ्हेचे असेल तर जेसीबी. माझा हा निकष सहसा चुकत नाही.

जमीन ओळखण्याबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण दख्खनच्या पठारावर कंत्राटदार बुडतात ते जमिनीत. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कच्चा खडक आणि त्याखाली पक्का काळा पाषाण, असा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. पण कोणता थर किती फुटांवर लागेल, हे एका शेतातून दुसऱ्या शेतात बदलते. यासाठी दर भरण्याआधी एक साधी गोष्ट करा: जवळची विहीर बघा. बांधकाम न केलेल्या विहिरीच्या कडेला उभे राहिले की सगळे थर उघडे दिसतात. माती कुठे संपते, मुरूम किती जाड आहे, कच्चा दगड कुठे सुरू होतो, पाझर कोणत्या पातळीला आहे. विहीर कोणी आणि कशाने खोदली, सुरुंग लावावा लागला का, हे शेतमालकाला विचारा. त्यानंतर कामाच्या जागी तीन-चार ठिकाणी चाचणी खड्डे घ्या. अर्ध्या दिवसाचे भाडे जाते, पण पुढचा महिना वाचतो. कोकणात हाच विचार जांभ्याच्या बाबतीत करावा. वरचा थर कडक आणि खाली मऊ चिकणमाती, असे तिथे सर्रास आढळते.

पक्का दगड लागला की बकेट काढून ब्रेकर लावावा लागतो आणि सगळे गणित बदलते. काम कित्येक पटींनी मंदावते, डिझेल तेवढेच जळते आणि मशीनच्या पिना-बुशांना धक्के बसतात. त्यामुळे ब्रेकरचा दर वेगळा असतो, तो आधीच लिहून घ्या. ब्रेकरची छिन्नी एकाच जागी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त मारत ठेवू नये. दगड फुटला नाही तर जागा बदलावी. तिचा पहारीसारखा वापर करून दगड उचकटणे आणि हवेत मोकळे ठोके मारणे, या दोन सवयींनी ब्रेकरचे आयुष्य निम्मे होते. भाड्याच्या मशीनवर असे चाललेले दिसले तरी थांबवा. बंद पडलेला ब्रेकर तुमचेच काम अडवतो.

खोदणाऱ्या मशीनइतकाच विचार वाहून नेणाऱ्या गाड्यांचा करावा. वरच्या उदाहरणात पोकलेन तासाला १०० घनमीटर सुटा माल देते. दहा चाकी टिपरमध्ये १० घनमीटर, म्हणजे साडेतीन ब्रास माल बसतो असे धरू. मागे घेऊन लावण्यासकट भरायला सहा मिनिटे, जाऊन, रिकामा होऊन परत यायला अठरा. पूर्ण फेरी चोवीस मिनिटांची, म्हणून चार टिपर. तीनच लावले तर पोकलेन दर फेरीला सहा मिनिटे नुसते उभे राहील. पाच लावले तर एक टिपर सतत रांगेत. गावातला रस्ता बंद झाला आणि वळसा घालून जाण्यायेण्याला अठराऐवजी तीस मिनिटे लागू लागली, की सहा टिपर लागतात. म्हणून टिपरची संख्या कामाच्या पहिल्या दिवशी ठरवून सोडून देऊ नये. घड्याळ लावून दर आठवड्याला चार-पाच फेऱ्या मोजाव्यात. ओली काळी माती मुरमापेक्षा वेगळी वागते. ती हौद्याला चिकटते, पूर्ण रिकामी होत नाही. आणि वजनाची मर्यादा ओलांडून ग्रामीण रस्ते फोडू नका. तो रस्ता आपल्याच गावाचा असतो.

आता विकत घ्यायचे की भाड्याने, हा पोटापाण्याचा प्रश्न. खाली केवळ उदाहरणादाखल आकडे देतो. तुमच्या भागातले आकडे घालून हाच हिशोब करा. बॅकहो लोडर ३२ लाखांना घेतले आणि पाच वर्षांनी १४ लाखांना विकले, तर वर्षाची घट ३ लाख ६० हजार. व्याज सरासरी २ लाख १० हजार. विमा आणि कर ५० हजार. ऑपरेटर २५ हजार आणि हेल्पर १२ हजार महिना, म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार. मशीन एक तासही चालले नाही तरी हे १० लाख ६४ हजार द्यावेच लागतात. चालल्यावर तासाला पाच लिटर डिझेल ९२ रुपयांनी ४६० रुपये आणि तेल, ग्रीस, फिल्टर, टायर, दुरुस्तीचे १५० धरा, ६१० झाले. बाजारात तासाला १३०० रुपये मिळत असतील तर हातात ६९० उरतात. १० लाख ६४ हजारांना ६९०ने भागले की उत्तर येते १५४२ तास.

पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आठ महिने उरतात. महिन्याला २४ दिवस, दिवसाला ८ तास, एकही दिवस न बिघडता मशीन चालले तर १५३६ तास होतात. म्हणजे वर्षभर झिजून तुम्ही जेमतेम बरोबरीला आलात. नफा अजून सुरूच झालेला नाही.

मग गावोगावचे मशीनमालक टिकतात कसे? बरेचजण स्वतःच ऑपरेटर असतात. ऑपरेटरचे तीन लाख वाचले की बरोबरीचा आकडा अकराशे तासांवर येतो. काहींना वीटभट्टी, साखर कारखाना, खाणपट्टा यांचे पावसाळ्याबाहेरचे नियमित काम असते. काहींनी जुने मशीन घेतलेले असते. तुमच्याकडे यांपैकी काहीच नसेल आणि हातातल्या कामांचे तास हजारापुढे जात नसतील, तर भाड्यानेच काम करा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. सरकारी बिल सहा-सहा महिने निघत नाही, पण हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो. या दोन तारखांमधल्या अंतराने कितीतरी कष्टाळू पोरांची घरे अडचणीत आणली आहेत.

जुने मशीन घेणार असाल तर सकाळी, इंजिन थंड असताना जा आणि "आधी सुरू करून ठेवू नका" असे निरोपातच सांगा. थंड इंजिन सुरू होताना सगळे सांगून टाकते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर इंधन किंवा हवेचा घोटाळा आहे. भरलेली बकेट वर उचलून पाच मिनिटे तशीच ठेवायला सांगा. बूम हळूहळू खाली बसत असेल तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. बकेट जमिनीपासून थोडी वर धरून हाताने बाजूला हलवून पिनांमधला खेळ बघा. त्या वेळी इंजिन बंद हवे. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यांवर ओरखडे आहेत का, तेही तपासा. पोकलेनमध्ये साखळी, खालचे रोलर आणि स्प्रॉकेट यांची झीज आवर्जून पाहावी. हा खालचा भाग बदलण्याचा खर्च खूप मोठा असतो आणि वरून केलेल्या ताज्या रंगात तो लपतो. तासमापकावर ४००० तास आणि पायपट्टीचे रबर गुळगुळीत, असे दिसले तर मीटरपेक्षा पायपट्टीवर विश्वास ठेवा.

नवे घेताना ब्रँडवरून वाद घालण्यापेक्षा सर्व्हिस व्हॅन किती वेळात येते, हे विचारा. जेसीबीचा कारखाना तळेगावला, ह्युंदाई आणि सॅनीचे चाकणला. त्यामुळे पुण्याच्या आसपास सेवा सहज मिळते. गडचिरोलीत किंवा नंदुरबारच्या दुर्गम भागात काम असेल तर तिथल्या मशीनमालकांना फोन करून गेल्या उन्हाळ्यात पंप बिघडला तेव्हा सुटा भाग किती दिवसांत आला, हे विचारा. ते उत्तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा खरे. नव्या प्रदूषण-निकषांची इंजिने डिझेलच्या बाबतीत नाजूक आहेत, हेही लक्षात असू द्या. पाणी किंवा भेसळ असलेले डिझेल त्यांना चालत नाही आणि इंजेक्टरचा खर्च दणदणीत असतो.

भाड्याने घेताना तोंडी व्यवहार करू नका. एका पानावर मावणारा करार पुरे: डिझेल कोणाचे, ट्रेलरचे भाडे कोणाचे, ऑपरेटरचा भत्ता आणि राहण्याची सोय कोणाकडे, दिवसाचे किमान तास किती, मशीन बंद पडले तर भाडे कोणत्या तासापासून थांबणार, ब्रेकरचा दर काय. सुरुवातीच्या आणि शेवटच्या मीटरचा फोटो रोज काढावा आणि डायरीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. बहुतेक भांडणे "पाऊस पडला त्या दिवसाचे भाडे" या एका मुद्द्यावर होतात. त्यासाठी वेगळी ओळ लिहाच.

मशीन साइटवर आल्यानंतरचे व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः डिझेल, धूळ आणि ग्रीस. रोज संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरते. भरलेले लिटर आणि चाललेले तास रोज लिहा. जेसीबीचे तासाला पाच लिटरचे अचानक सात झाले तर तीन शक्यता आहेत: जमीन बदलली, मशीन बिघडले किंवा डिझेल कुठेतरी जाते आहे. डायरी असेल तर हे दुसऱ्या दिवशी कळते, नसेल तर महिन्याच्या शेवटी. उभ्या मशीनचे इंजिन चालू ठेवण्याची सवय मोडा. काम शून्य, पण मीटर पुढे सरकतो, सर्व्हिस जवळ येते आणि वॉरंटीचे तास संपतात.

हवेचा फिल्टर टायरवर आपटून झटकणारा हेल्पर प्रत्येक साइटवर दिसतो. त्या आपटण्याने कागदाला बारीक तडे जातात आणि दगडाची धूळ थेट इंजिनात शिरते. काही शे रुपयांच्या फिल्टरपायी काही लाखांचे इंजिन उतरवावे लागते. फिल्टर बदलावा, आपटू नये. ग्रीस रोज सकाळी, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत. हे काम ऑपरेटरच्या आठ तासांत धरा आणि त्याचे पैसे द्या; फुकट सांगितलेले काम होत नाही.

आणखी एक कागद विसरू नका. माती-मुरूम हे गौण खनिज आहे. परवानगीशिवाय उत्खनन किंवा वाहतूक केल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि मशीनही जप्त होते. जप्त मशीनचा हप्ता थांबत नाही. तहसील कार्यालयाची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना हातात आल्याशिवाय बकेट जमिनीला लावू नका, मग कितीही घाई असो.

राहिला माणसांचा प्रश्न. १ ऑगस्ट २०२३च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० जणांचे जीव गेले. एवढ्या मोठ्या अपघाताची बातमी होते. पाइपलाइनच्या चरात दरड बसून जाणाऱ्या एकट्या मजुराची दोन ओळींचीही होत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चरात माणूस उतरणार असेल तर बाजूंना आधार हवा किंवा उतार. काढलेली माती चराच्या काठापासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्याइतकी लांब टाका, यांतले जे जास्त असेल ते धरा. पोकलेनच्या मागच्या वजनाच्या फिरण्याच्या कक्षेत कोणी उभे राहू नये, म्हणून दोरी बांधा. मागे येणाऱ्या टिपरला इशारा द्यायला एकच ठरलेला माणूस ठेवा. विजेच्या तारांखाली टिपरचा हौदा वर करू देऊ नका. तशी गरजच असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या. आणि दुर्दैवाने मशीन तारेला लागलेच, तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहावे आणि बाकीच्यांनी लांब जावे. आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारावी, मशीन आणि जमीन यांना एकाच वेळी हात-पाय लागू देऊ नये, आणि पाय जुळलेले ठेवूनच टुणटुण दूर जावे. हे प्रत्येक ऑपरेटरला पाठ असले पाहिजे.

ऑपरेटर प्रशिक्षित आणि परवानाधारक हवा, त्याची झोप झालेली हवी. विदर्भातल्या मे महिन्यात केबिनचा एसी ही चैन नाही. उष्णतेने भोवळ आलेल्या माणसाच्या हाती वीस टनांचे मशीन असते. काठ खचेल, उतार जास्त आहे, पुढे केबल दिसते आहे, असे तो म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका आणि "एवढी एक बकेट मार" असेही म्हणू नका. मशीन बंद करायला सांगा, खाली उतरा आणि त्याच्यासोबत ती जागा स्वतः जाऊन बघा.